मिक्सोमाची गाठ आणि न भरून येणारा रक्तक्षय

प्रश्न
आईच्या (वय ५६) हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात इको तपासणीत (हृदयाच्या सोनोग्राफीत) मिक्सोमाची गाठ आढळली आहे. ही गाठ कर्करोगाची नसते, असे डॉक्टरांनी स्पष्ट केले. परंतु तिचे हिमोग्लोबिन ८.९ वर आले आहे, ईएसआर (शरीरातील दाह दाखवणारी रक्ततपासणी) ९० आहे आणि तीन महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही फरक पडलेला नाही. गाठ साधी असेल, तर रक्त का बिघडावे? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर शस्त्रक्रिया पुढे ढकलता येईल का?

प्रतिसाद १
‘साधी’ या शब्दावर विसंबू नये. मिक्सोमाच्या पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचे दाह वाढवणारे प्रथिन तयार करू शकतात. त्यामुळे ईएसआर चढतो, आणि यकृतातून हेपसिडिन (लोहाचा पुरवठा रोखणारे संप्रेरक) अधिक स्रवू लागल्याने लोह साठ्यातच अडकून राहते, अस्थिमज्जेला मिळत नाही. म्हणून आधी फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) तपासावे. शिवाय देठावर झुलणारी गाठ मिट्रल झडपेवर (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील झडप) वारंवार आदळत असेल, तर तांबड्या पेशी फुटू शकतात. तसे असल्यास रक्तात एलडीएच (फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारे विकर) वाढते, हॅप्टोग्लोबिन (सुटे हिमोग्लोबिन बांधून ठेवणारे प्रथिन) घटते आणि सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवर पेशींचे तुकडे दिसतात.

प्रतिसाद २
शस्त्रक्रिया पुढे ढकलू नका, ही कळकळीची विनंती. मिक्सोमा बहुधा मऊ आणि ठिसूळ असतो. त्यातून सुटून रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकणारा तुकडा पुष्कळदा गाठीचाच असतो आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी तो विरघळत नाही. माझ्या वडिलांची शस्त्रक्रिया या गोळ्या पुरेशा आहेत अशा समजुतीने लांबली आणि मधल्या काळात त्यांना पक्षाघात झाला. ते आता चालतात, पण उजवा हात अजून साथ देत नाही. आईंना ताप येत असेल, तर ब्लड कल्चरही (रक्तातील जंतू शोधणारी तपासणी) करून घ्या, कारण हृदयाच्या आतील आवरणाच्या जंतुसंसर्गाची लक्षणे बरीचशी अशीच असू शकतात.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. फेरिटिन ३१० आले, ताप नाही. मग आधी हिमोग्लोबिन वाढवून नंतर शस्त्रक्रिया करावी का?

प्रतिसाद १
फेरिटिन कमी नाही, हे पाहता लोहाची कमतरता हे मूळ कारण दिसत नाही, त्यामुळे गोळ्यांची वाट पाहण्यात वेळ जाईल. रक्त द्यावे लागेल का, हे शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ ठरवतील. गाठ निघाल्यावर ईएसआर आणि हिमोग्लोबिन सहसा हळूहळू पूर्वपदावर येतात. पुढे कधी ईएसआर विनाकारण पुन्हा चढला, तर नियमित तपासणीची तारीख येईपर्यंत न थांबता इको करून घ्यावा, कारण काही रुग्णांत ही गाठ पुन्हा होते.