शिक्षा झाली, पण तिला काय मिळालं? वंशसंहारातून वाचलेल्या बायकांबद्दल

अमळनेरची_वाचक
नमस्कार मंडळी. आमचा अमळनेरला बायकांचा वाचन गट आहे, बचत गटातूनच निघालेला. ८ मार्चला यंदा संगीत खुर्ची वगैरे सोडून वंशसंहारात बायकांवर जे अत्याचार होतात त्यावर बोलायचं ठरवलंय. परवा मी रवांडाच्या अकायेसू खटल्याचं सांगत होते, की १९९८ मध्ये पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय कोर्टाने बलात्कारसुद्धा वंशसंहाराचं कृत्य ठरू शकतं असं म्हटलं, तर निंदणीला जाणाऱ्या आमच्या एक मावशी मधेच म्हणाल्या, "त्याले जन्मठेप झाली हे बरं झालं, पन तिले काय भेटलं?" आता सगळ्या जणींना त्याचंच उत्तर पाहिजे. कोर्टाच्या बाहेर त्या बायकांचं पुढे काय होतं, औषधपाणी, पैसा, पोरंबाळं? कोणाला माहिती असेल तर सविस्तर लिहा, घाईने नको.

वकीलताई_धुळे
ताई, मावशींनी मुद्द्यालाच हात घातला. आधी खटला थोडक्यात. जाँ-पॉल अकायेसू हा ताबा नावाच्या कम्यूनचा प्रमुख, आपल्याकडचा पंचायत समितीचा सभापती समजा. १९९४ च्या एप्रिल ते जुलैमध्ये रवांडात तुत्सी समाजाची कत्तल चालली तेव्हा त्या समाजातल्या बायका जीव वाचवायला त्याच्याच ऑफिसच्या आवारात येऊन बसल्या आणि तिथेच त्यांच्यावर बलात्कार झाले, तेही याच्या डोळ्यांदेखत. पण मूळ आरोपपत्रात बलात्काराचा आरोपच नव्हता! १९९७ मध्ये टांझानियातल्या अरुशाला, रवांडासाठी संयुक्त राष्ट्रांनी काढलेल्या कोर्टात, साक्षी चालू होत्या, तिथे 'जे' एवढ्याच नावाने आलेली एक साक्षीदार बोलता बोलता सांगून गेली की माझ्या सहा वर्षांच्या मुलीवर तिघांनी अत्याचार केला. तीन न्यायाधीशांत एकच बाई, नवी पिल्ले, दक्षिण आफ्रिकेतल्या तमिळ घरातल्या. बेंचने तो विषय तिथेच सोडला नाही, पुढच्या बायकांनाही विचारलं, बाहेरून महिला संघटनांनी दबाव आणला आणि त्या जूनमध्ये आरोपपत्र दुरुस्त झालं. २ सप्टेंबर १९९८ ला निकाल लागला. १९४८ च्या वंशसंहारविरोधी करारात 'गटातल्या लोकांना गंभीर शारीरिक किंवा मानसिक इजा करणं' हे आहेच, त्यात कोर्टाने बलात्कार बसवला, फक्त तो त्या गटाला संपवायच्या हेतूने झालेला पाहिजे.

आता मावशींचं उत्तर. त्या कोर्टाकडून तिला भरपाई म्हणून एक पैसाही मिळाला नाही, कारण भरपाई द्यायचा अधिकारच त्या कोर्टाला दिलेला नव्हता, पाहिजे तर आपल्या देशातल्या कोर्टात जा. आणि ज्याचा मला अजून संताप येतो ते हे, की अत्याचारातून एचआयव्ही झालेल्या बायका खेड्यात औषधाविना मरत होत्या तेव्हा अरुशाच्या कोठडीतल्या आरोपींना मात्र एचआयव्हीची औषधं मिळत होती. २००१ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात तर साक्ष द्यायला आलेल्या बाईला बचावाचा वकील नको ते प्रश्न विचारत राहिला आणि बेंचवरचे न्यायाधीश हसले. त्याच खटल्यात पॉलिन न्यीरामासुहुको आरोपी होती, कत्तलीच्या वेळची महिला आणि कुटुंब कल्याण मंत्री! २०११ मध्ये तिला शिक्षा झाली, म्हणजे घटनेनंतर सतरा वर्षांनी. तोपर्यंत किती जणी जिवंत राहिल्या असतील?

सातपुडा_पायथा
मी नंदुरबार जिल्ह्यात नर्स आहे, कायद्याचं ताईंनी सांगितलं, मी दवाखान्यापुरतं लिहिते. निकाल सतरा वर्षांनी लागो, बाईच्या शरीराला बहात्तर तास असतात. एचआयव्ही होऊ नये म्हणून जी औषधं द्यायची ती बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, गर्भ राहू नये म्हणून गोळी तर जितकी लवकर तितकी चांगली. आणि तिथे आपल्याकडे केसपेपरच्या खिडकीवरच मोठ्याने विचारतात, "काय झालं? नीट सांग ना", मागे लाईन उभी, त्यात तिच्याच पाड्यावरचा कोणीतरी असतो. ती तिथूनच परत फिरते. आम्ही आता अशी बाई आली की आधी आत घेतो, दार लावून घेतो, केसपेपर मी स्वतः जाऊन काढते, सासू असो नाहीतर पोलीस पाटील, सगळे बाहेर. मराठी बोलता येत नसेल तर पावरी किंवा भिली बोलणारी आशाताई बोलवायची, नवऱ्याला मधे घालून विचारायचं नाही, कारण नवऱ्यासमोर ती निम्मं गिळून टाकते. टू फिंगर टेस्ट, म्हणजे बाईला आधी संबंधांची सवय होती का हे बोटांनी तपासणं, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट शब्दांत बंद केलीय, कोणी करत असेल तर तक्रार करा. उपचार सरकारी असो की खाजगी, फुकट द्यायचे हे कायद्यात आहे, आणि एफआयआर नाही म्हणून उपचार थांबवता येत नाहीत.

काँगोत बुकावू शहरात डॉ. डेनिस मुक्वेगे यांचं पान्झी हॉस्पिटल आहे, २०१८ चं शांततेचं नोबेल त्यांना आणि आयसिस या दहशतवादी संघटनेच्या कैदेतून सुटलेल्या, इराकमधल्या याझिदी समाजाच्या नादिया मुराद यांना मिळालं. तिथे ऑपरेशन, मनाचे उपचार, वकील, आणि घरी गेल्यावर पोटापाण्याचं काहीतरी, हे सगळं एकाच ठिकाणी मिळतं. पाच ठिकाणी तीच कहाणी सांगावी लागत नाही, ही माझ्या मते सगळ्यात मोठी मदत आहे. आपल्याकडचं सखी वन स्टॉप सेंटर याच विचाराने काढलंय, जिल्ह्याच्या ठिकाणी असतं.

भुसावळ_जंक्शन
१९७१ चं बांगलादेश पण सांगा ताई. दोन ते चार लाख बायका असा आकडा सांगतात. शेख मुजीबनी त्यांना 'बीरांगना' म्हणून मान दिला, पण घरच्यांनी कितीतरी जणींना दारात उभं केलं नाही, आणि तो मानाचा शब्दच गावात ओळख फोडणारा झाला. स्वातंत्र्यसैनिक म्हणून दर्जा आणि मानधन मिळायला २०१५ उजाडलं. चव्वेचाळीस वर्षं, पोरी म्हाताऱ्या झाल्या भाऊ.

अमळनेरची_वाचक
वाचून सुन्न झाले. त्यातून झालेल्या मुलांचं काय पण? मावशी हा प्रश्न विचारणारच.

वकीलताई_धुळे
मुलांच्या बाबतीत जवळपास सगळीकडेच हात आखडता घेतलाय. रवांडात वाचलेल्यांसाठी १९९८ मध्ये सरकारी फंड निघाला, शिक्षण, घर, औषध, पण ही मुलं कत्तलीनंतर जन्मली म्हणून त्या व्याख्येतच बसली नाहीत. बांगलादेशात १९७२ मध्ये वेगळा आदेश काढून मुलं परदेशात दत्तक दिली. याझिदींचं बघा, ऑगस्ट २०१४ मध्ये इराकच्या सिंजारमधून आयसिसने हजारो बायका-मुली उचलून नेल्या, विकल्या. त्यांच्या धर्मगुरूंनी, बाबा शेख म्हणतात त्यांना, जाहीर केलं की परत आलेल्या मुली आमच्याच आहेत, त्यांना मानाने घरात घ्या. केवढी मोठी गोष्ट! पण २०१९ मध्ये मुलांना घ्यायचा विषय आला तेव्हा धर्मपरिषदेने नाही म्हटलं, मग आईने लेकरू सोडायचं की घर सोडायचं?

इराकने १ मार्च २०२१ ला कायदा केला, दरमहा पैसे, जमिनीचा तुकडा, शिक्षण, सरकारी नोकरीत २ टक्के जागा. कागदावर मला तो फार चांगला वाटतो कारण खटल्याच्या निकालाची वाट बघायला लावत नाही. पण पुढे अर्जासोबत फौजदारी तक्रारीचा कागद मागायला लागले, आणि जिला पोलिसांसमोर तोंड उघडायचं नाही ती अडकली. आपल्या मनोधैर्य योजनेतही, म्हणजे अशा बायकांना मदत देणाऱ्या राज्य सरकारच्या योजनेत, एफआयआर लागतेच.

मेहरूण_काठ
हाई खरं शे ताई. मी जळगावचा, वय झालं. रवांडात कत्तल चालू होती त्याच १९९४ साली इथलं मुलींच्या लैंगिक शोषणाचं वासनाकांड उघडकीस आलं. तो वंशसंहार नव्हे, दोन्हींची बरोबरी मी करत नाही, पण बायका का बोलत नाहीत हे आम्ही तेव्हा गल्लीत पाहिलं. तक्रार द्यायला पुढे आलेल्या मुली थोड्या, आणि लोकांच्या तोंडी चर्चा गुन्हेगारांची नाही, मुली कोणाच्या याचीच. नुसतं जळगावची मुलगी म्हटलं की स्थळं परत जायची, जिचा काही संबंध नाही तिचीपण. पुढे हायकोर्टात काही शिक्षा टिकल्या नाहीत. ज्यांनी हिंमत करून जबाब दिले त्या पोरींकडे नंतर कोणी गेलं का, कशी आहेस विचारलं का, मला तरी आठवत नाही. म्हणून सांगतो, कार्यक्रमात एक गोष्ट नक्की करा, अशा बाईचं नाव छापणं किंवा जाहीर करणं हा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे हे पुरुषांसमोर मोठ्याने सांगा. नुसत्या बायकांना बोलवू नका.

अमळनेरची_वाचक
काका, खूप आभार. पुरुषांना बोलवायचं पक्कं. वकीलताई, तुम्ही येऊ शकाल का?

वकीलताई_धुळे
येते, रविवार असेल तर बरं. मनोधैर्यचे कोरे फॉर्म आणते, ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यायचे असतात, केसप्रमाणे १० लाखांपर्यंत मदत आहे, आणि वकील फुकट मिळतो हे बऱ्याच जणींना ठाऊकच नसतं. महिला हेल्पलाईन १८१ आणि विधी सेवेचा १५१०० हे दोन नंबर हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा. सातपुडाताईंना पण विचारा, केसपेपरच्या खिडकीचं त्यांनीच सांगितलेलं बरं.

सातपुडा_पायथा
ड्युटी बदलून घेते. आशाताईंनाही घेऊन येते सोबत.