सामूहिक वनहक्काच्या जंगलात बदलत्या हवामानाचा अभ्यास ग्रामसभेने कसा करावा?

ऐनसावली (प्रश्न)

जोहार. आमच्या ग्रामसभेला वनहक्क कायद्याखाली मिळालेले सामूहिक जंगल गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागात असून त्यात साग, ऐन, धावडा, बीजा, मोह, तेंदू आणि चार (चारोळीचे झाड) अशी मिश्र पानझडी झाडे आहेत. पावसात पूर्वीपेक्षा मोठे खंड पडतात, मग तो एकदम कोसळतो, आणि डोंगरमाथ्यावरचे धावडे शेंड्याकडून वाळत चालले आहेत, असे गावातील वयस्कर मंडळी सांगतात. व्यवस्थापन आराखडा करताना या निरीक्षणांना मोजमापाची जोड असावी, असे आमच्या अभ्यासगटाला वाटते. आमच्याकडे बारावीपर्यंत शिकलेली काही मुले-मुली, मोजपट्ट्या आणि मोबाईल एवढेच साधन आहे. आम्ही काय मोजावे, आणि वाळलेल्या जागी साग लावावा का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रानपाखरू

पहिली गरज कायमस्वरूपी भूखंडांची, म्हणजे दरवर्षी तीच झाडे मोजता येतील अशा आखलेल्या जागांची आहे, कारण दरवर्षी वेगवेगळी झाडे मोजली तर जंगल बदलले की केवळ आपली मोजणीची जागा बदलली, हे सांगता येत नाही. याचा भारतातील उत्तम नमुना तमिळनाडूतील मुदुमलईच्या पानझडी जंगलात आहे. तेथे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये ५० हेक्टरचा भूखंड आखला आणि किमान १ सेंटीमीटर व्यासाच्या प्रत्येक खोडाची नोंद ठेवण्यास सुरुवात केली. साग, ऐन व धावडा ही आपल्याकडचीच झाडे तेथे असल्यामुळे ते काम आपल्याला विशेष उपयोगी आहे. त्या दीर्घ नोंदींतून पुढे आलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: लहान खोडे प्रामुख्याने आगीत मरतात, तर मोठ्या झाडांवर कमी पावसाचा परिणाम दोन-तीन वर्षे उशिरा दिसतो. म्हणजे यंदा वाळलेल्या धावड्याचे कारण यंदाच्या उन्हाळ्यात शोधणे पुरेसे नाही.

आपल्याला ५० हेक्टर झेपणार नाहीत आणि त्याची गरजही नाही. माथा, उतार आणि नाल्याकाठ अशा तिन्ही ठिकाणी छोटे भूखंड घ्यावेत, परंतु त्यांच्या जागा नकाशावर चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात. नाहीतर नकळत पायवाटेजवळची किंवा दाट, देखणी जागाच निवडली जाते. प्रत्येक झाडाला क्रमांकाचा ॲल्युमिनियमचा बिल्ला लावावा, जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर रंगाचा पट्टा ओढावा आणि दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच पट्ट्यावर घेर मोजावा. पावसाळ्यात खोड पाण्याने फुगते, त्यामुळे महिना बदलला की वाढीचा आकडा फसवा होतो. उघड्या जागेत एक पर्जन्यमापक बसवून रोजचा पाऊस वहीत लिहिणे हे या सर्वांइतकेच मोलाचे आहे.

मोहफूल

वरील पद्धत योग्य आहे, तरीही आगीच्या बाबतीत आकड्यांची वाट पाहत बसू नये, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्याकडच्या आगी बहुतेक माणसाच्या हातून लागतात. मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळला जातो किंवा तेंदूला नवी पालवी यावी म्हणून आग लावली जाते. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने २०१२ मध्ये सामूहिक हक्क मिळाल्यानंतर तेंदूपत्त्याचे उत्पन्न सोडून बांबूवर भर दिला, आणि त्यामागे फांद्यांची तोड व आगी थांबवणे हा विचार होता. प्रत्येक गावाला हे परवडेलच असे नाही, कारण तेंदूच्या हंगामावर अनेक घरांचे वर्ष चालते. निदान मोहाखाली जाळण्याऐवजी झाडून घेणे किंवा जाळी अंथरणे तरी लगेच सुरू करता येईल. उपग्रहांनी टिपलेल्या आगींच्या सूचना भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून मोबाईलवर मिळतात. त्या घेऊन कोणत्या भूखंडात कोणत्या तारखेला आग शिरली, हे नोंदवावे.

बीजांकुर

पुनरुत्पादन मोजताना एक काळजी घ्यावी. साग, बीजा, तेंदू यांची कोवळी रोपे आगीत किंवा उन्हाळ्यात वरून मरतात आणि मुळापासून पुन्हा फुटतात. हे वर्षानुवर्षे चालू राहते. त्यामुळे फूटभर उंचीची शेकडो रोपे दिसली म्हणून जंगलाची पुढची पिढी तयार झाली, असे समजू नये. काही रोपांना खूण करून ती गुडघ्याच्या आणि पुढे डोक्याच्या उंचीवर पोहोचतात का, हे पाहावे. त्याच भूखंडांत घाणेरी किती पसरली आहे, तेही लिहावे. तिच्या दाट जाळीखाली रोपांना उजेड मिळत नाही.

सागाविषयी माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. ऐन खोडात पाणी साठवतो, मोहाची मुळे खोल जातात, सालई उन्हाळाभर निष्पर्ण राहते; दुष्काळ सोसण्याच्या या निरनिराळ्या रीती एकाच जंगलात असणे, हाच अनिश्चित पावसापुढचा मोठा आधार आहे. माथ्यावर एकट्या सागाची लागवड केल्यास तो आधार आपणच काढून घेऊ.

ऐनसावली

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. एक शंका उरते. आम्ही सर्वच भूखंड आगीपासून वाचवले, तर आगीचा आणि कमी पावसाचा परिणाम वेगळा कसा ओळखायचा?

रानपाखरू

मुद्दाम आग लावून तुलना करण्याची काहीही गरज नाही. जाळरेषा (आग अडवण्यासाठी मोकळे केलेले पट्टे) काढून आणि राखण करूनही काही भूखंडांत आग शिरेलच. त्यांची नोंद वेगळी ठेवली की तुलनेसाठी जागा आपोआप मिळतात. मात्र जळालेल्या आणि न जळालेल्या भूखंडांची तुलना माथ्याची माथ्याशी व नाल्याकाठाची नाल्याकाठाशीच करावी, कारण माती आणि ओल यांतील फरक आगीच्या नावावर जमा होण्याचा धोका असतो. पहिली मोजणी या हिवाळ्यातच उरकून घ्यावी, म्हणजे येणाऱ्या आगीच्या हंगामापूर्वीची स्थिती आपल्या वहीत असेल. त्या वहीची एक प्रत ग्रामसभेच्या दप्तरात ठेवावी, कारण आज मोजणारी मुले शिक्षणासाठी बाहेर गेली तरी नोंदी पुढे चालू राहणे आवश्यक आहे.