टेकडीवरची पायवाट दर पावसाळ्यात वाहून जाते. सिमेंट करावं की वाटच बदलावी?

पहाटफेरी:
नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण थोडक्यात सांगितला तर कळणार नाही, म्हणून सगळं लिहिते.

आमचं शहर छोटं. शहराला लागून एक टेकडी आहे, साधारण ४० मीटर उंच. पायथ्याशी उद्यान, उद्यानात तळं, आणि तळ्यामागून एक वाट सरळ माथ्याला भिडते. १२० मीटरची असेल. गेली ११ वर्षं मी रोज सकाळी ही वाट चढते. वडीलही काठी टेकत यायचे. गेल्या पावसाळ्यापासून ते खालीच बाकावर बसून माझी वाट बघतात, कारण मधल्या टप्प्याची आता घळ झाली आहे, माझ्या गुडघ्याइतकी खोल. घळीत पाय घालायला नको म्हणून लोक कडेकडेने चालतात, मग ती कडही झिजते, मग आणखी कडेने. पूर्वी दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी रुंदी होती. परवा एका ठिकाणी पावलांनी मोजली तर ११ पावलं भरली. त्या सगळ्या पट्ट्यात गवताची काडी नाही आणि दोन मोठ्या झाडांची मुळं हातभर उघडी पडली आहेत.

उपाय झाले नाहीत असं नाही. दरवर्षी पावसाळा संपला की मुरूम टाकतात. पुढच्या पावसाळ्यात तोच मुरूम तळ्याच्या काठाशी सापडतो. दोन वर्षांपूर्वी मधल्या टप्प्यात पायऱ्या बांधल्या, तर पाणी पायऱ्यांच्या मागून शिरलं, खालची माती निघून गेली आणि आता दोन पायऱ्या अधांतरी आहेत. मोठ्या हौसेने बांधल्या होत्या हो, वाईट वाटतं बघून.

आता आम्हा रोजच्या फिरणाऱ्यांत दोन मतं आहेत. काही म्हणतात, अख्खी वाट सिमेंटची करून घ्या, कटकट मिटेल. माझं मन घेत नाही. मातीवर चालण्यासाठीच तर आम्ही तिथे जातो. पण ‘मन घेत नाही’ हे बैठकीत कारण म्हणून सांगता येत नाही. ज्यांनी हे काम केलं आहे त्यांनी सांगावं: मातीची वाट टिकवता येते का? आणि येत असेल तर आमची का टिकत नाही?

वाटाड्या:
ताई, टिकवता येते. तुमची टिकत नाही याचं कारण तुम्हीच लिहून टाकलं आहे: ‘सरळ माथ्याला भिडते’.

डोंगरातल्या पायवाटा आखण्या-दुरुस्तीचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, आणि वाहून गेलेली वाट बघायला गेलो की दहापैकी आठ वेळा हाच प्रकार असतो. १२० मीटर चालून ४० मीटर चढणं म्हणजे सुमारे ३५ टक्के चढ. पावसाचं पाणी टेकडीवरून ज्या दिशेने उतरतं, नेमक्या त्याच दिशेने तुमची वाट आहे. पावलांनी ती दबून आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोल झाली, की पाण्यासाठी आयता पाट तयार. एकदा आत शिरलेलं पाणी पायथ्यापर्यंत बाहेर पडत नाही, आणि उतरताना त्याचा वेग वाढतच जातो. वेग दुप्पट झाला की पाण्याच्या अंगची ऊर्जा चौपट होते. त्यापुढे मुरूम काय टिकणार? पायऱ्यांचंही तेच. पायरी चांगली की वाईट हा प्रश्न नंतरचा, आधी ती पाटाच्या मधोमध उभी आहे.

वाट आखताना एक गोष्ट सतत डोक्यात ठेवायची. पाण्याने वाट आडवी ओलांडून जावं, वाटेवरून लांबवर वाहू नये. बाकीचे सगळे नियम यातूनच निघतात.

पहिला नियम निम्म्याचा. टेकडीचा उतार जितके टक्के, त्याच्या निम्म्याहून जास्त चढ वाटेला द्यायचा नाही. तुमच्याकडे ३५ असेल तर वाटेला १७ ही कमाल मर्यादा, आणि तीही थोड्या अंतरापुरती. अख्ख्या वाटेची सरासरी १० टक्क्यांच्या आत असली तर माती बहुधा धरून राहते. म्हणजे ४० मीटर चढायला निदान ४०० मीटरची वाट हवी. लोक लगेच म्हणतात, ‘एवढा वळसा कोण घालणार?’ पण ४०० मीटर म्हणजे रमतगमत सात-आठ मिनिटं. आणि तुमचे वडील ज्या वाटेने पुन्हा चढू शकतील ती हीच.

वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कलता ठेवायचा. मीटरभर रुंदीला ५ सेंटिमीटर पुरे. चालताना जाणवतसुद्धा नाही. पण दोन-तीन वर्षांत चालून चालून मध्य दबतो आणि बाहेरच्या कडेला मातीचा वरंबा उभा राहतो. तो वरंबा पाणी अडवतो आणि वाटेचा पुन्हा पाट होतो. म्हणून वर्षातून एकदा, पावसाआधी, फावड्याने वरंबा काढायचा. देखभालीतलं हे सगळ्यात स्वस्त काम, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

शिवाय चढ सलग ठेवायचा नाही. दर दहा-पंधरा मीटरवर वाट दोन-चार पावलं खाली उतरवायची आणि मग पुन्हा चढवायची. त्या खोलगट जागी साचून येणारं पाणी बाहेर पडतं. वाटेत आडवे लाकडी ओंडके टाकायची पद्धत तुम्ही पाहिली असेल. त्यांच्यामागे गाळ भरला की दोन पावसाळ्यांत ते निकामी होतात. मातीतच दिलेली अशी लाट मात्र वर्षानुवर्षं काम करते.

सिमेंटबद्दल: ३५ टक्के चढावर पावसात ते निसरडं होणार. त्यात पाणी मुरत नाही, त्यामुळे सगळंच्या सगळं कडेला धावणार, आणि पाच वर्षांनी सिमेंटच्या दोन्ही बाजूंना दोन नव्या घळी दिसतील. हे बैठकीत खुशाल सांगा.

तळ्याकाठी:
वाटाड्या यांचं टेकडीपुरतं पटलं, पण सिमेंटला सरसकट नाही म्हणू नका.

माझी लेक चाकाच्या खुर्चीवर असते, १४ वर्षांची आहे. आमच्या उद्यानात तळ्याभोवतीची वाट मुरमाची होती तेव्हा आम्ही फाटकापासून पहिल्या झाडापर्यंत जाऊन परत यायचो. चाकं रुतायची. ती वाट पक्की झाल्यावर तिने पहिल्यांदा पूर्ण फेरी मारली, मी न ढकलता. त्या दिवशी ती किती बोलत होती हे मला अजून आठवतं. दर दोन मिनिटांनी ‘हे मी पाहिलंच नव्हतं’.

तेव्हा पैसे मिळणार असतील तर सपाटीवरच्या फेरीसाठी मागा. मात्र नुसतं ‘पक्की करा’ म्हणू नका, मापं लिहून द्या. चढ २० ला १, म्हणजे २० मीटर अंतराला १ मीटर, यापेक्षा जास्त नको. १२ ला १ हे फक्त छोट्या उतरत्या तुकड्यापुरतं, आणि तिथे कठडा हवा. रुंदी १८० सेंटिमीटर असेल तर दोन खुर्च्या समोरासमोरून जातात. ९० सेंटिमीटरमध्ये एकच कशीबशी जाते, आणि वळायला १५० चं वर्तुळ लागतं. बाकाशेजारी खुर्चीएवढी मोकळी जागा सोडायला सांगा, नाहीतर सगळे बाकावर बसतात आणि माझी लेक वाटेत उभी. बाकाला हात असावेत. तुमच्या वडिलांना उठताना त्यांचाच आधार. फाटकाशी दुचाकी अडवायला जो नागमोडी अडथळा करतात तोही मोजून घ्या. आमची फेरी छान झाली, पण पहिले तीन महिने त्या अडथळ्यातून खुर्चीच आत जात नव्हती.

पक्की म्हणजे सिमेंटच असंही नाही. दगडाची बारीक कच नीट भिजवून, दाबून बसवली तर चाकं रुतत नाहीत आणि पायालाही ती मऊ लागते. पण ती सपाटीवरच. उतारावर तिचं तुमच्या मुरमासारखंच होईल.

गवतपाती:
एकच मुद्दा, पण तो राहिला तर सगळं फुकट जाईल. नवी वाट कितीही सुंदर केली तरी जुनी डोळ्यांसमोर असेपर्यंत लोक जुनीनेच जातात. फलक लावून काही होत नाही. जुनीची दोन्ही टोकं नाहीशी करावी लागतात.

आधी नवी वाट पूर्ण करून खुली करा, मगच जुनी बंद. घळीत थोड्या थोड्या अंतरावर आडवे दगडी बांध घाला, घोट्याएवढे, म्हणजे गाळ अडून घळ आपोआप भरू लागते. तुडवलेली जमीन विटेसारखी घट्ट झालेली असते. वीतभर खणून मोकळी केल्याशिवाय बी रुजत नाही. त्यावर तिथलंच गवत, आणि वर वाळक्या फांद्या आडव्यातिडव्या. खालच्या आणि वरच्या टोकाला पहिल्या १५-२० मीटरमध्ये दाट झुडपं लावा. चालणाऱ्याला वाट दिसलीच नाही तर तो तिकडे वळत नाही.

आणि त्या दोन झाडांच्या उघड्या मुळांवर कुणी मायेने मातीचा ढीग घालेल, तर थांबवा. झाडाची बहुतेक अन्न घेणारी मुळं वरच्या फूट-दीड फुटात असतात आणि त्यांना हवा लागते. पातळ थर पालापाचोळ्याचा, आणि बुंध्याला चिकटवून नको. नवी वाट त्या झाडांपासून दूर न्या.

पहाटफेरी:
तुम्हा तिघांचे मनापासून आभार. काल दिवसभर मुसळधार पाऊस होता. वाटाड्यांचं वाचल्यापासून मला राहवेना, म्हणून छत्री घेऊन टेकडीवर गेले. ११ वर्षं चालते आहे, पण भर पावसात तिथे कधी थांबून पाहिलं नव्हतं.

माथ्यावर जो सपाट चौथरा आहे, त्यावरचं सगळं पाणी एका कोपऱ्यातून वाटेत शिरतं. एकाच कोपऱ्यातून! तिथून खाली ते बाहेर पडतच नाही. पायऱ्यांपाशी त्याचा रंग गढूळ तांबडा झालेला, आवाज ओढ्यासारखा. आणि वाटेच्या बाहेर, चार पावलांवर, गवतातून येणारं पाणी बिनआवाजी आणि जवळजवळ नितळ. तेच पाणी, तीच टेकडी. मी अर्धा तास नुसती बघत उभी होते. घरी येऊन वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘आमच्या लहानपणी गुरं चढायची ना, ती कधी सरळ चढत नसत. आडवी, वळत वळत जायची.’

उत्तरेकडच्या अंगाला तशी एक पुसट वाट अजूनही दिसते. मी आज तिने अर्ध्यापर्यंत गेले. धाप लागली नाही.

आता दोन शंका. उताराचं माप कसं घ्यायचं? आमच्याकडे कुणाकडेच यंत्र नाही. आणि वळणं किती ठेवायची? वळण आलं की पोरं मधूनच खाली उड्या मारतात, हे मी इतर ठिकाणी पाहिलं आहे.

वाटाड्या:
पावसात जाऊन बघितलंत हे फार छान केलंत. अर्धी आखणी तिथेच होते. त्या कोपऱ्यातून पाणी वाटेत शिरतं ना, तिथे वरच एक उथळ चर काढून ते बाजूच्या गवतात पसरवून द्या. हे काम या आठवड्यातही करता येईल, नव्या वाटेची वाट न पाहता. फक्त जागा ज्यांच्या अखत्यारीत आहे त्यांची लेखी परवानगी आधी घ्या. चरासाठीही आणि पुढच्या आखणीसाठीही. टेकडीवर विनापरवाना कुदळ मारू नका.

मापाला यंत्र लागत नाही. दोन सारख्या काठ्या वरच्या टोकाला बांधा, खाली पायांमध्ये बरोबर दीड मीटर अंतर ठेवा, मध्ये आडवी काठी बांधा. वरच्या टोकापासून ओळंबा सोडा. दोरीला दगड बांधला तरी चालतो. सपाट जागी उभं करून दोरी आडव्या काठीवर जिथे टेकते तिथे खूण करा, मग पायांची अदलाबदल करून पुन्हा खूण करा. दोन खुणांचा मध्य म्हणजे समतल. आता उताराकडच्या पायाखाली १२ सेंटिमीटरचा ठोकळा बांधा. दोरी मध्यावर आली की त्या दोन बिंदूंमधला चढ बरोबर ८ टक्के. एक एक पाऊल असं पुढे जायचं आणि जमिनीत काटकी रोवायची. दोघांनी मिळून ४०० मीटर एका सकाळीत होतात. १० ऐवजी ८ धरा, कारण खडक किंवा झाड टाळताना दोन टक्के हमखास खर्च होतात.

वळणं कमीत कमी. तीन पुरतील. ती अशा जागी घ्या जिथे मोठा खडक किंवा दाट झुडूप आहे, म्हणजे वरच्या टप्प्यावरून खालचा टप्पा दिसणार नाही. पोरं उडी मारतात कारण खालची वाट समोर दिसते. आणि वडिलांना ती गुरांची वाट दाखवायला न्या. मी अशा जुन्या वाटांवर ओळंबा लावून पाहिला आहे, बहुतेक वेळा आठ-दहा टक्क्यांच्या आसपासच निघतात.

कामाला माणसं कुठून आणायची ही चिंताही करू नका. अमेरिकेतल्या ॲपालाचियन ट्रेलची कल्पना १९२१ मध्ये मांडली गेली आणि १९३७ मध्ये ती वाट पूर्ण झाली. ३,५०० किलोमीटर लांबी, आणि आजही देखभालीचं मोठं काम ठिकठिकाणच्या मंडळांचे स्वयंसेवक करतात, प्रत्येक मंडळाकडे आपापला तुकडा. तुमचे तर ४०० मीटर आहेत. रोजच्या फिरणाऱ्यांना चाळीस-चाळीस मीटर वाटून द्या. वरंबा काढणं हे दोघांचं दीड तासाचं काम आहे.

पहाटफेरी:
काठ्या बांधल्या. अंगणात मध्यही काढून झाला, वडिलांनीच दोरी धरली होती. परवानगीचा अर्ज आज दिला, त्यात तळ्याकाठी यांची सगळी मापं जशीच्या तशी लिहिली आहेत, आणि फाटकातला अडथळा मोजून आले: ७० सेंटिमीटर. तोही बदलायला सांगितला आहे. परवानगी आली की पहिल्या रविवारी उत्तरेच्या अंगाने काटक्या रोवायला सुरुवात. आठ जणांनी येतो म्हटलं आहे, त्यात सिमेंटवाले तिघं आहेत.

गवतपाती, त्या बाजूच्या झुडपांचे फोटो काढून टाकते. जुन्या वाटेच्या टोकांना त्यातलं काय लावायचं ते सांगाल का?

गवतपाती:
नक्की. फोटोत खोडाशी फुटलेले कोंब दिसू द्या, त्यावरून कळेल कोणतं झुडूप छाटून फांदीने लावता येईल ते.