मदत हवी आहे : त्रिकोणमितीय नित्य समानता सिद्ध करताना मधेच अडकायला होतं

चौकस_दहावी

दहावी भूमिती, त्रिकोणमितीचं प्रकरण. टंकायला सोपं जावं म्हणून साइन = सा, कॉस = को, टॅन = टॅ, सेक = से असं लिहिलं आहे. कोन सगळीकडे एकच, लघुकोन.

सिद्ध करा : (टॅ + से − १) / (टॅ − से + १) = (१ + सा) / को

डावी बाजू सा आणि को मध्ये लिहिली. अंशाला आणि छेदाला को ने गुणलं आणि हे उरलं :

(सा + १ − को) / (सा − १ + को)

पुढे काही सुचेना, म्हणून दोन्ही बाजू समान धरून तिरकस गुणाकार केला. सा² + को² = १ वापरल्यावर दोन्हीकडे सारखंच आलं. पण अशी मांडणी सिद्धता म्हणून चालत नाही असं कळलं. का चालत नाही? आणि वरच्या पायरीनंतर काय करायचं?

समभुज

एकाच पायरीवर अडकला आहात. जिथे पोहोचायचं आहे ती बाजू बघा : तिथे छेदात को आहे, तुमच्या छेदात सुटा को नाही. मग तो आणायचा. अंश आणि छेद दोन्हींना को ने गुणा.

अंश = को(१ + सा) − को²
= को(१ + सा) − (१ − सा)(१ + सा)
= (१ + सा)(को − १ + सा)

छेद = को(सा − १ + को)

अंशातला दुसरा कंस आणि छेदातला कंस एकच आहे. तो गेला की (१ + सा) / को उरतं. सगळी गंमत को² च्या जागी (१ − सा)(१ + सा) लिहिण्यात आहे. उजवीकडे १ + सा दिसतंय, म्हणजे तो अवयव कुठून तरी बाहेर काढावाच लागणार.

सा-को मध्ये न जाताही होतं. अंशातल्या १ च्या जागी से² − टॅ² लिहा :

(टॅ + से) − (से − टॅ)(से + टॅ) = (से + टॅ)(१ − से + टॅ)

कंस छेदाशी जुळतो, उरतं से + टॅ, म्हणजेच (१ + सा) / को. इथे १ फक्त अंशातला बदलायचा. छेदातलाही बदलला तर छेद (से − टॅ)(से + टॅ − १) होतो आणि काहीच कटत नाही. ही चूक फार जण करतात.

उलटतपासणी

‘का चालत नाही’ याबद्दल. जे सिद्ध करायचं तेच खरं धरून निघालात आणि शेवटी खरं विधान मिळालं, तर त्यावरून सुरुवात खरी ठरत नाही. खोट्या विधानावरूनही खऱ्या विधानावर पोहोचता येतं. उदाहरण घ्या :

√[(१ − सा) / (१ + सा)] = से − टॅ

दोन्ही बाजूंचा वर्ग करा. डावीकडे (१ − सा) / (१ + सा), उजवीकडे (१ − सा)² / को², आणि को² = (१ − सा)(१ + सा), म्हणून दोन्ही सारखे. आता कोन १२०° घ्या. डावी बाजू सुमारे ०.२६८, उजवी −०.२६८. वर्ग केल्यावरचं विधान खरं, मूळ विधान खोटं!

योग्य मांडणी : वर्गमुळाच्या आत अंश-छेदाला (१ − सा) ने गुणा, म्हणजे छेदाची अनुबद्ध जोडी वापरा. √[(१ − सा)² / को²] मिळतं. को² चं वर्गमूळ को हे फक्त को धन असतानाच, एरवी को चं केवल मूल्य. लघुकोनात को धनच असतो, म्हणून दहावीत हे खपून जातं. तरी ‘लघुकोन असल्याने को > ०’ हे शेजारी लिहाच.

तुमच्या तिरकस गुणाकाराच्या पायऱ्या छेद शून्य नसताना उलट दिशेने जाता येण्यासारख्या आहेत, त्यामुळे ते काम वाया गेलेलं नाही. कच्च्या पानावर तसंच करा, मग खालून वर वाचत पक्कं लिहा. तुम्हाला तिथे को(१ + सा) − को² ही राशी भेटली असेल. समभुज यांच्या सिद्धतेतला अंश तोच आहे.

चौकस_दहावी

समजलं, धन्यवाद. मग सगळं आधी सा-को मध्ये न्यायचं की नाही, हे कसं ठरवायचं? उदा. टॅ / (१ − कॉट) + कॉट / (१ − टॅ) = १ + टॅ + कॉट.

समभुज

इथे नेऊ नका, लांबड लागते. कॉट = १/टॅ आहे, म्हणून सगळं टॅ मध्येच लिहा. पहिलं पद टॅ² / (टॅ − १). दुसरं १ / [टॅ(१ − टॅ)], म्हणजे −१ / [टॅ(टॅ − १)]. हे ऋण चिन्ह विसरलात तर अंशात टॅ³ + १ येतं आणि गाडी तिथेच थांबते. बरोबर बेरीज :

(टॅ³ − १) / [टॅ(टॅ − १)] = (टॅ² + टॅ + १) / टॅ = टॅ + १ + कॉट

राशीत टॅ-कॉट किंवा टॅ-से एवढीच जोडी असेल तर तिच्यातच राहा. चार-पाच गुणोत्तरं मिसळलेली असतील तरच सा-को.

उलटतपासणी

मधली पायरी बरोबर आहे का, हे कोन घालून तपासा, पण ४५° घेऊ नका. तिथे सा = को आणि टॅ = कॉट, त्यामुळे अदलाबदलीची चूक लपते. वरच्या उदाहरणात तर ४५° ला छेदच शून्य होतो. ३०° घ्या. ‘सा² + को² = १, म्हणून सा⁶ + को⁶ = १’ असं कोणी लिहिलं तर ३०° ला १/६४ + २७/६४ = ७/१६ येतं, चूक लगेच उघडी पडते. खरं सूत्र १ − ३सा²को² : सा² आणि को² या दोन संख्या मानून घनांच्या बेरजेचं सूत्र लावा, बेरीज १ असल्यामुळे दोन ओळींत संपतं.