मदत हवी आहे: 'एअर फर्न'ला पाणी घातलं आणि हिरवा रंगच उतरला

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत राहते. मागच्या महिन्यात इथल्या एका दुकानातून 'एअर फर्न'ची छोटी कुंडी आणली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: पाणी नको, ऊन नको. तुळससुद्धा वाळवणाऱ्या माझ्यासारखीला आणखी काय हवं!

सासूबाई सांगलीहून आल्यात. 'झाडाला पाणी नको म्हणजे काय?' म्हणत पूजा झाली की तांब्यातलं उरलेलं पाणी रोज त्याला घालतात. चार दिवसांत बशीत हिरवं पाणी साचलं आणि फांद्या पिवळट दिसायला लागल्या. मुलाच्या भिंगातून पाहिलं, तर पानं नाहीतच. काडीच्या दोन्ही अंगांना करवतीच्या दात्यांसारखे बारीक पेले, सगळे रिकामे. मुळंही नाहीत, बुडखा नुसता थर्माकोलमध्ये खोचलाय.

मेलं का हे? छाटलं तर फुटेल का?

दर्याकाठ: ताई, छाटू नका, फुटायचं नाही. ते हायड्रॉइड आहे, म्हणजे जेलीफिशच्या भाऊबंदांचा वाळका सांगाडा. दात्यांच्या वर्णनावरून त्यातला सर्ट्युलॅरिया नावाचा प्रकार वाटतो. 'एअर फर्न' म्हणून हेच विकतात. उत्तर समुद्राच्या तळावरून, थेम्सच्या मुखाशी वगैरे, ओढून काढायचं, सुकवायचं आणि हिरव्या रंगात बुचकळायचं. तुमच्या बशीत उतरला तो हाच रंग.

त्या प्रत्येक पेल्यात एकेक जीव राहत होता. मध्ये तोंड, भोवती डंख मारणाऱ्या सोंडा, आणि पाण्यातून वाहत येणारे बारीक जीव हे त्याचं खाणं. काडी आतून पोकळ असते, त्यामुळे एकानं खाल्लेलं पचून सगळ्यांना पोचतं. (आमच्या एकत्र कुटुंबात एवढी सोय नव्हती.) अख्खा झुपका एकाच अळीपासून कोंब फुटत फुटत वाढतो, त्यामुळे झाड वाटणारच. लंडनचा एक व्यापारी, जॉन एलिस, यानं १७५५ साली पुस्तक लिहून हे प्राणी आहेत असं मांडलं. तरी जीवसृष्टीची वर्गवारी करणाऱ्या लिनियसनं १७५८ मध्ये त्यांना 'झूफाइट', म्हणजे अर्धे प्राणी अर्ध्या वनस्पती, अशाच खात्यात टाकलं! सांगाडा कायटिनचा, झुरळाच्या कवचात असतं तेच, म्हणून वर्षानुवर्षं टिकतो. पाणी मात्र बंद करा, नाहीतर उरलासुरला रंगही जाईल.

मूळ प्रश्नकर्ती: अहो, प्राणी?! कुंडी देव्हाऱ्याशेजारी आहे आणि सासूबाई माळकरी. त्यांना सांगू काय आता?

दर्याकाठ: देव्हाऱ्यात शंख आहे ना? तोही समुद्रातल्या जिवाचाच.

मूळ प्रश्नकर्ती: सांगितलं. शंखाचं लगेच पटलं त्यांना. कुंडी जागची हलली नाही. पण पाणी बंद करा म्हटल्यावर म्हणाल्या, 'शंखाला रोज अंघोळ घालतोच की आपण.' आज बशीत पुन्हा हिरवं पाणी.