मदत हवी आहे: पेटंट फीअभावी बंद पडलंय, पुन्हा चालू कसं करू?

कांद्याचं रोप चिमटीत धरून सरीत लावणारं माझं यंत्र. पेटंट भारतातलं, वैयक्तिक नावावर. अर्ज 14 जून 2016 चा. नवव्या वर्षाची 2,400 रुपये नूतनीकरण फी जून 2024 पर्यंत भरायची होती, राहिली. एजंटाची आठवण माझ्या बंद पडलेल्या नंबरवर जात राहिली. सहा महिन्यांची वाढीव मुदतही गेली.

पेटंट कायद्याच्या कलम 60 खाली फॉर्म 15 भरून 18 महिन्यांत पेटंट पुन्हा चालू करता येतं, हे वाचलं. चूक जाणूनबुजून नव्हती हे दाखवावं लागतं. प्रतिज्ञापत्र तयार आहे, पण सोबत पुरावा म्हणून बंद सिमची पावती चालेल का? आणि मुख्य म्हणजे, हे 18 महिने जून 2024 पासून मोजतात की डिसेंबर 2024 पासून?