अनुभव धागा: देवाच्या भरवशावर काढलेल्या गाड्या

तापीकाठची:
काल भाच्याने नवी गाडी दारात उभी केली. वहिनीने चाकांखाली लिंबं ठेवली, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि म्हणाली, "आधी गडावर नेऊन आण. मग कुठंही हिंड." झालं, रात्रभर मला आमची १९९४ ची जीप आठवत राहिली.

चैत्र. धाकट्या भावाचं जाऊळ. अमळनेरहून सप्तशृंगी गड. एका जीपमध्ये तेरा माणसं, दोन पितळी डबे पुऱ्या, पाण्याचा माठ आणि मोठ्या मायच्या, म्हणजे आजीच्या, मांडीवर ओटीचं ताट. धुळं ओलांडलं आणि लळिंगच्या चढावर बोनेटमधून वाफ. आबा झाकण उघडायला गेले तर हात भाजला. रेडिएटरला बारीक चीर. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. आबा म्हणाले परत फिरू, जाऊळ नंतर बघू. मोठी माय गाडीतून उतरलीच नाही. "मायनी बलायेल शे. तीच ली जाई." आबा चिडले, "मंग तिले सांग, रेडिएटर गयस!"

रस्त्याने गडावर पायी जाणारी माणसं होती, आपल्याच भागातली. भगवे झेंडे, तळपायांना फडकी बांधलेली. त्यांनी स्वतःचं पिण्याचं पाणी काढून दिलं. त्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, हळद आहे का? आबांनी ओटीच्या ताटातली सगळी हळद उचलून रेडिएटरात ओतली. गळती थांबली! मालेगाव, देवळा, कळवण करत, मध्ये मध्ये गाडीला पाणी पाजत नांदुरीला पोचलो तेव्हा दिवे लागले होते.

गडावर ओटी भरायला हळदच नाही. शेजारच्या बाईंनी चिमूटभर दिली. मोठी माय देवीला हळूच म्हणाली, "तुन्हीच हयद व्हती, तुन्हाच रस्ताले लागनी."

सांगा तुमचेही. पोचलेले, न पोचलेले, सगळे चालतील.

चोपडेकर_भो:
हळदीने गळती थांबते हे खरंय, आमच्या ट्रॅक्टरला केलंय. मसाला टाकला असता तर भाजीच झाली असती 😂

गॅरेजवाला_बापू:
थांबते, कारण हळद फुगून बारीक भोकात बसते. पण तीच आतल्या नळ्यांतही बसते. नंतर रेडिएटर उघडून साफ करायला लागतो. आताच्या गाड्यांत कुणी हा प्रयोग करू नका रे. ताई, तुमच्या आबांना नंतर खर्च आला असेल बघा.

तापीकाठची:
आला होता ना. आबा दोन महिने बोलत होते, जीप मित्राची होती!

धुळ्याची_लेक:
कुकर लावलाय, तेवढ्यात लिहिते. ऑगस्ट २०२१ चा शेवट. मम्मीचं ऑपरेशन करून औरंगाबादहून निघालो होतो. कन्नडला मम्मी म्हणाली चहा पाजा. भाऊ वैतागला, घाट उतरून चाळीसगावला पिऊ म्हणाला. ती हट्टाने उतरली. चहा झाला, मग तिला पाय मोकळे करायचे होते, मग पाऊस एवढा वाढला की तिथेच ओळखीच्यांकडे मुक्काम केला. पहाटे कळलं घाटात दरडी कोसळल्या, गाड्या चिखलात अडकल्यात, खाली चाळीसगावात नदीचं पाणी घुसलंय.

मम्मी आजही सांगते, पाटणादेवीने थांबवलं. मी मान हलवते. पण खरं सांगू? जे घाटात होते त्यांच्याही गाडीत देवाचा फोटो असेलच ना. त्यांना का नाही कुणी चहाला उतरवलं? हे घरी बोलता येत नाही म्हणून इथे लिहिलं. शिट्टी झाली, जाते.

रावेरची_केळी:
धुळ्याची_लेक, बरं झालं लिहिलंस. माझे मिस्टर गेले तेव्हापासून मलाही हाच प्रश्न आहे. तरी रोज दिवा लावते. दोन्ही चालू आहे.

शहादा_सुरत:
चोवीस वर्षं गाडी चालवतोय. सेंधव्याकडून बिजासन घाट उतरताना देवीला हात जोडतो. पण गिअरवरच उतरतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे बघितलेत, समोर अगरबत्ती चालू आणि ब्रेक तापलेले. २०२३ च्या जुलैत पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर हॉटेलात घुसला, ते विसरू नका. देवाला हात जोडताना दुसरा हात स्टेअरिंगवर पाहिजे.

चोपडेकर_भो:
एका हाताने जोडणार कसे जिभाऊ

शहादा_सुरत:
मनाने. तू जेवण कर आधी.

नंदुरबारची_मास्तरीण:
सारंगखेड्याची जत्रा, दत्तजयंती. एकमुखी दत्ताचं दर्शन घेऊन बाहेर आलो तर मुलगा नाही, वय वर्षे पाच! घोडेबाजारात ती गर्दी, ती धूळ. मिस्टर एकीकडे, दीर एकीकडे, मी देवळाच्या पायरीशी उभी, तोंडाने नुसतं दत्त दत्त. सासूबाई म्हणाल्या, इथंच थांब, तो इथंच येईल. मला इतका राग आला त्यांचा. पाऊण तासाने एक घोडेवाला त्याला खांद्यावर घेऊन आला. पोरगं आरामात जिलबी खात होतं. घोड्याच्या पायात शिरला म्हणून उचलला, आणि आईचं नाव विचारलं तर "मम्मी" एवढंच सांगत होता. त्या भल्या माणसाने आमचा एक रुपया घेतला नाही.

परत येताना पोरगं रडायला लागलं. घोडा पाहिजे म्हणून.

भुसावळकर_पुण्यात:
आमचे सगळे प्रवास रेल्वेने, सबब अनुभव नाही. पण लळिंगवरून आठवलं, महामार्गावर धुळ्याच्या आसपास चांगली शेवभाजी कुठे? गेल्या वेळी खाल्ली ती नुसती तेलात बुडवलेली शेव.

धुळ्याची_लेक:
रस्सा तिखट आणि शेव वेगळी वाटीत आणून देतो तिथेच बसायचं. आधीच कालवून आणली की उठायचं.

रावेरची_केळी:
आईचे गुडघे गेलेत, तिला गडावर न्यायचंय. पायऱ्या पाचशेच्या वर ना? डोलीत बसायला तयार नाही, लाज वाटते म्हणते.

शहादा_सुरत:
ताई, ट्रॉली आहे. २०१८ पासून. वर थोड्याच पायऱ्या राहतात. फक्त चैत्रात आणि नवरात्रात नेऊ नका, रांगेत गुडघे परत जातील. नांदुरीच्या घाटात वळणं आहेत, मळमळत असेल तर लिंबू ठेवा. चाकाखालचं नाही, खायचं.

तापीकाठची:
आत्ता आबांना फोन केला आणि हा धागा वाचून दाखवला. आबा हसले आणि म्हणाले, "मी कशाला ओतीन ओटीची हळद? माझी हिंमत नव्हती. तुझ्या आजीनंच ताट उचलून दिलं. मी नको नको म्हणत होतो." तीस वर्षं मी उलटंच सांगत होते म्हणजे. आणि पाणी देणाऱ्या त्या म्हाताऱ्याला शोधायला आबा पुढच्या चैत्रात मुद्दाम लळिंगला जाऊन उभे राहिले होते. सापडला नाही. मग दोन कॅन पाणी वाटून परत आले. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

रावेरची_केळी:
🙏

गॅरेजवाला_बापू:
आबांना नमस्कार सांगा. भाच्याची गाडी कोणती?

तापीकाठची:
नाव विसरले. पांढरी आहे.

चोपडेकर_भो:
खान्देशात दुसऱ्या रंगाची घेतात का कुणी? मे महिन्यात आत वांगी भाजायची का भरताची?